चर्च शिकवायचं तर सगळं शिकवा

गेल्या महिन्यात माझ्यावर आरोप झाला. विहारात, भर बैठकीत, बाबासाहेबांच्या तसबिरीखाली. मी म्हणे मिशनऱ्यांची दलाली करतो. आरोप करणारा कुणी ऐरागैरा नव्हता. माझा जिवाभावाचा दोस्त, एका ताटात जेवलेला, एका मोर्चात लाठ्या खाल्लेला. तिथल्या तिथं उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण रात्रपाळी होती, गाडी गाठायची होती, अर्धं बोलणं घशातच राहिलं. रात्रभर क्रेनच्या हुकाला स्लिंग अडकवताना ते घशात खुपत होतं. आता लिहून काढतो. कुणाला झोंबलं तर झोंबू दे.

झालं होतं एवढंच. मुलुंड पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याला आमची वस्ती. तिथल्या विहारात दर रविवारी सकाळी आम्ही तिघंजण पोरांचा वर्ग घेतो. गणित दुसरा घेतो, कारण माझं गणित ठेकेदाराच्या मुकादमानं कायमचं बिघडवून ठेवलंय. मी इतिहास घेतो. मी मास्तर नाही. शिक्षण मॅट्रिक, धंदा गोदीत हमाली, खोड कवितेची. बाप गोदीत परमनंट होता, मी ठेक्यावर. एवढीच आमच्या घरातली प्रगती.

तर एका रविवारी माझ्या पुतणीनं सहावीचं इतिहासाचं पुस्तक पुढं केलं. धार्मिक प्रवाहांचा धडा. त्यात ख्रिस्ती धर्मावर इवलासा परिच्छेद. येशू ख्रिस्त, त्याचे शिष्य, पहिल्या शतकात केरळात आलेला संत थॉमस, बायबल, चर्च. संपलं. पोरगी म्हणाली, "काका, मग नगरची आज्जी ख्रिश्चन कशी? ती काय केरळातनं आली?"

पोरं खो खो हसली. मला हसू आलं नाही.

नगरची आज्जी म्हणजे माझी चुलत आत्या. आमचं मूळ गाव नगर जिल्ह्यातलं, आता सरकारी कागदावर अहिल्यानगर. पणज्याचा भाऊ दुष्काळाच्या साली "येशूच्या घरात" गेला. पणजा राहिला तिथंच, गावची ढोरं ओढत, येसकरकीचे तुकडे मागत. पुढं १९५६ साली आमच्या फांदीनं बुद्धाचा धम्म घेतला. एकाच चुलीचे दोन धर्म झाले. लग्नाकार्याला आम्ही जातो-येतो. आत्या नाताळाला करंज्या पाठवते, आम्ही चौदा एप्रिलला तिला बोलावतो. पण ती फांदी तिकडं का गेली, आणि जाऊन तिचं काय झालं, हे माझ्या पुतणीला कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही. म्हणून मी बैठकीत म्हणालो, चार रविवार मला द्या, पोरांना चर्चचा इतिहास शिकवतो.

झालं! "पोरांना बावीस प्रतिज्ञा पाठ नाहीत आणि तू चर्च शिकवणार?" एकानं विचारलं. दुसरा म्हणाला, "ज्यांनी कान्हेरीच्या लेण्यात क्रूस रोवला त्यांचा इतिहास आपण कशाला शिकवायचा?" आणि मग माझा दोस्त म्हणाला ते दलालीचं.

आता उत्तर.

आज चर्चचा इतिहास कोण शिकवतं ते आधी बघा. मी ज्या शाळेत शिकलो तिचं नाव घेत नाही. आठवीला आमच्या मास्तरांनी शिकवलं की मिशनऱ्यांनी मूठभर गहू देऊन महारामांगांना बाटवलं. सांगताना त्यांची नजर सरळ तिसऱ्या बाकावर, माझ्यावर. मी तर बौद्ध. पण मास्तरांच्या हिशेबात बाटण्यालायक माल एकच. सगळा वर्ग वळून बघत होता. मी मान खाली घातली. आज तो वर्ग पुन्हा मिळाला तर मान खाली घालणार नाही. उभा राहीन आणि विचारीन, मास्तर, गव्हासाठी गेला असेल माझा पणजचुलता, तर गेला. भुकेला माणूस भाकरीकडं नाही जाणार तर काय भूपाळीकडं जाईल? १८७६ चा दुष्काळ, १८९६ चा, लगेच पाठोपाठ १८९९ चा छप्पनचा दुष्काळ. गावात पेवं नव्हती का? पाटलाच्या वाड्यात, सावकाराच्या माडीवर, देवळाच्या कोठारात धान्य नव्हतं का? तुमच्या धर्मात भाकरी होती, फक्त ती आमच्यासाठी नव्हती. ज्यानं दिली त्याच्या नावानं बोटं मोडता, ज्यानं अडवली त्याचं नाव धड्यात नाही. असला इतिहास शिकवणारा मास्तर पगार कशाचा घेतो?

बरं, हा झाला एक प्रकार. दुसरा प्रकार पाद्र्यांच्या आणि सिस्टरांच्या शाळांचा. त्या मुलुंडातही आहेत, घाटकोपरलाही आहेत, मुंबईभर आहेत. तिथं काय चालतं? तास वाजला की कॅथलिक पोरं एका खोलीत, धर्मशिक्षणाला. बाकीची दुसऱ्या खोलीत, नीतिशिक्षणाला. एका खोलीत प्रश्नोत्तरं पाठ, दुसऱ्या खोलीत खरं बोलावं, चोरी करू नये, झाडं लावावीत. चर्चचा इतिहास दोन्ही खोल्यांत नाही. कॅथलिक पोराला सांगत नाहीत, कारण श्रद्धेला तडा जाईल. दुसऱ्याला सांगत नाहीत, कारण धर्मप्रचाराचा आळ येईल. आणि कायदा आडवा येतो म्हणून हात वर करायचे. खोटं आहे. घटनेचं अठ्ठाविसावं कलम पूर्ण सरकारी पैशावरच्या शाळेत धर्माचं शिक्षण द्यायला मनाई करतं. धर्मांविषयी शिकवायला मनाई नाही, हे सुप्रीम कोर्टानं २००२ साली अरुणा रॉय खटल्यात सांगितलंय. मनाई कायद्याची नाही, पोटातल्या भीतीची आहे.

आणि या शाळांत बसतं कोण, तेही जाता जाता बघू. कधीकाळी ज्या मिशनच्या शाळांनी आमच्या पोरांना बाकावर घेतलं, त्याच जातकुळीच्या शाळेत आज आमच्या वस्तीतलं पोर घालायचं म्हटलं तर बापाची वर्षाची हजेरी जाते. शिक्षणहक्क कायदा २००९ साली आला, गरिबांना पंचवीस टक्के जागा आल्या. २०१४ साली सुप्रीम कोर्टानं अल्पसंख्याकांच्या शाळांना त्यातून सोडवलं. २०२५ साली दुसऱ्या एका खंडपीठानं त्या निकालावर शंका घेतली खरी. पण शंकेनं बाक मिळत नाही. आमची पोरं फाटकाबाहेरून आतलं नाताळचं नाटक बघतात. गव्हाणीत जन्मलेल्या पोराचं नाटक. तिकीट लावून.

आता इतिहास. मी तो गोदीतून वाचतो, कारण तो जहाजातून उतरला.

फेब्रुवारी १८१३. मुंबई बंदरात दोन अमेरिकन पाद्री उतरले, गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट. कलकत्त्यातून कंपनी सरकारनं त्यांना हाकललं होतं, इथूनही हाकलायला बघत होतं. ज्यांना वाटतं की इंग्रजांनी पाद्री बरोबरच आणले, त्यांनी हे ध्यानात ठेवावं. कंपनी बनियाची होती. पाद्री आला, बामण बिथरला, तर धंदा बसेल, ही तिला धास्ती. त्याच साली विलायतेत चार्टरचा कायदा झाला आणि पाद्र्यांना वाट मोकळी झाली. १८१५ पासून या अमेरिकन मराठी मिशननं मुंबईत शाळा काढल्या, १८२४ साली मुलींची शाळा काढली. पुढं नगरला ठाण मांडलं. १८४२ साली तिथं 'ज्ञानोदय' सुरू केलं.

पोरांच्या शाळेवरून पहिला भडका कुणासाठी उडाला ते ऐका. १८३९ साली जॉन विल्सनच्या शाळेतल्या दोन पारशी पोरांनी, धनजीभाई नौरोजी आणि होरमसजी पेस्तनजी यांनी, बाप्तिस्मा घेतला. कोर्टकचेरी झाली, लोकांनी धडाधड पोरं शाळेतून काढली. १८४३ साली श्रीपत शेषाद्री नावाचा बारा वर्षांचा बामणाचा पोरगा पाद्र्याकडं राहायला गेला. त्याचा थोरला भाऊ नारायण ख्रिस्ती झालाच होता. बाप कोर्टात गेला, कोर्टानं पोरगा बापाच्या हवाली केला. मग त्याला जातीत परत घ्यायचा की नाही यावर शास्त्र्यांचं भांडण जुंपलं. बाळशास्त्री जांभेकर म्हणाले घ्या, सनातनी म्हणाले नाही. एका बारा वर्षांच्या पोरासाठी अख्खी मुंबई जागी.

आता दुसरं पोर घ्या. १८५६ साल, धारवाड. एक महाराचा पोरगा सरकारी शाळेत बसू द्या म्हणून अर्ज करतो. मुंबई सरकार काय करतं? त्याला घेतलं तर बाकीचे जातील, शाळाच ओस पडेल, म्हणून अर्ज नामंजूर. ना धर्मसभा जागी झाली, ना कुणी शास्त्री पोथी उघडून बसला. श्रीपत बाहेर गेला म्हणून रडणारे होते. हा पोरगा आत येत होता, त्याच्यासाठी कोण रडणार? बाबासाहेबांनी ही हकीकत पुन्हा पुन्हा मांडली म्हणून ती आपल्याला ठाऊक तरी आहे. त्या पोराचं पुढं काय झालं, कुणी विचारलं नाही.

या दोन पोरांच्या मधोमध एक पोरगी उभी आहे, आणि माझं सगळं भांडण तिच्यासाठी आहे. मुक्ता साळवे. मांगाची पोर, चौदा वर्षांची, फुल्यांच्या पुण्यातल्या शाळेत शिकणारी. १८५५ साली तिनं महारमांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. वेद बामणांचे, आम्हाला ते बघायचीसुद्धा बंदी, मग आमचा धर्म कोणता, असा सरळ देवालाच जाब. आपण 'दलित साहित्य' म्हणून छाती काढतो ना, तिचं हे पहिलं पाऊल. आणि ते छापलं कुणी? फेब्रुवारी-मार्च १८५५ च्या 'ज्ञानोदया'नं. मिशनऱ्यांच्या छापखान्यानं.

आता तुम्ही म्हणाल, त्यांचा स्वार्थ होता. होताच! बामणी धर्माला हाणायला त्यांना दगड हवा होता, मुक्ताचा निबंध आयता मिळाला. पण मुक्ता दगड नव्हती. तिनं आपलं दुःख आपल्या अकलेनं मांडलं. ती शाळा फुल्यांची होती, पाद्र्याची नव्हती. आणि फुले तरी कुठून आले? पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, नगरला मिस फॅरारची मुलींची शाळा बघून आले, आणि १८४८ साली भिडेवाड्यात स्वतःची काढली. सावित्रीबाईंचं अध्यापनाचं शिक्षण मिस फॅरार आणि मिसेस मिचेल यांच्याकडं झालं. जोतीबा मिशनकडून अक्षर घेऊन आले, बाप्तिस्मा घेऊन आले नाहीत. 'सार्वजनिक सत्यधर्म' पुस्तकात त्यांनी एक घर कल्पिलंय. बाई बुद्धाची, नवरा ख्रिस्ताचा, लेक महंमदाची, पोरगा सत्यधर्माचा, आणि सगळे एका छपराखाली गुण्यागोविंदानं. माझी पुतणी आणि नगरची आज्जी या घरातल्या आहेत. मग तो इतिहास आमचा नाही असं कुठल्या तोंडानं म्हणता?

इथवर वाचून माझा दोस्त म्हणेल, बघा, म्हटलं होतं ना दलाल. थांब जरा. निम्मंच झालंय.

कान्हेरीचं म्हणतोस तर तेही शिकवायचंय. सोळाव्या शतकात पोर्तुगीज पाद्र्यांनी बोरिवलीच्या मंडपेश्वरात चर्च थाटलं, कान्हेरीच्या लेण्याचंही प्रार्थनाघर केलं. आमच्या वस्तीमागच्या डोंगरापलीकडं बुद्धाच्या अंगणात लॅटिन घुमलं. त्याआधी १४५५ साली पोपनं पोर्तुगालच्या राजाला परमुलुख जिंकायची आणि माणसं गुलाम करायची सनद लिहून दिली होती. तसल्या सनदांमागचा सिद्धांत आपला नाही असं व्हॅटिकननं जाहीर केलं ते २०२३ साली. साडेपाचशे वर्षांनी! गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन बसलं ते मध्ये चार वर्षं सोडली तर १८१२ पर्यंत. १५३४ पासून वसई आणि ही आपली साष्टी पोर्तुगीजांकडं होती. १७३९ साली चिमाजी अप्पानं वसई घेतली, त्यावर शाळेत पोरं टाळ्या वाजवतात. वाजवू द्या. पण त्याच पेशवाईत आमच्या गळ्यात मडकं आणि कमरेला झाडू होता, हे त्याच तासाला सांगा. एका हातानं टाळी वाजवून दाखवा मग.

आणि मुख्य गोष्ट, जातीची. १६०६ साली रोबेर्तो द नोबिली नावाचा इटलीचा जेझुइट पाद्री मदुराईला आला. त्याला कळलं की इथं वरून शिरायचं तर बामण व्हायला पाहिजे. झाला. संन्याशाची वस्त्रं, शाकाहार, बामण स्वयंपाकी, खालच्या जातीच्या ख्रिस्त्यांपासून फटकून राहणं. तक्रार रोमपर्यंत गेली. १६२३ साली पोपनं निकाल दिला की ख्रिस्ती झालेल्या बामणानं जानवं ठेवलं, शेंडी ठेवली तरी हरकत नाही. वा रे न्याय! सगळे एका बापाची लेकरं, पण काही लेकरांच्या खांद्यावर दोरा. गोव्यात तर ख्रिस्ती झाल्यावरही बामण, चाड्डो, सुदीर हे कप्पे जसेच्या तसे. चारशे वर्षं लोटली, लग्न जमवताना आजही नाव विचारायच्या आधी घराणं विचारतात. तिकडं दक्षिणेत तिरुचिरापल्लीच्या कॅथलिक दफनभूमीत दलितांच्या थडग्यांमध्ये आणि इतरांच्या थडग्यांमध्ये भिंत घातली. मेल्यावरही विटाळ.

हे फक्त इथलं नाही. १८०७ साली लंडनमध्ये वेस्ट इंडीजच्या गुलामांसाठी खास बायबल छापलं. त्यातून इस्राएली लोक मिसरातल्या गुलामीतून सुटतात ती गोष्टच कापून टाकली. मळेवाल्याला जेवढा येशू परवडतो तेवढाच ठेवला. अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या चर्चात प्रार्थनेला गुडघे टेकलेल्या काळ्या माणसांना ओढून उठवलं. ते उठले ते बाहेर पडले, आणि रिचर्ड ॲलननं १८१६ साली काळ्यांचं स्वतंत्र चर्च उभं केलं. त्या बायबलाची मला फार आठवण येते. आमच्या पोरांच्या दप्तरातलं पुस्तक तसंच आहे, कापलेलं. फक्त कात्री चालवणाऱ्याचं नाव बदललं.

मराठी पुस्तकांत तर ही कात्री मोठी मजेशीर चालते. मराठी शाळेत ख्रिस्ती माणूस भेटतो तो कोण? रेव्हरंड टिळक, लक्ष्मीबाई टिळक, पंडिता रमाबाई. तिन्ही माणसं मोठी, मला त्यांच्याशी भांडण नाही. लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे'त आपलं सोवळंओवळं कसं गळून पडलं ते जितक्या प्रांजळपणे लिहिलंय, तितकं आपल्या एकाही पुरोगामी प्राध्यापकानं लिहिलेलं नाही. रमाबाईंनी केडगावला दुष्काळातल्या पोरी जगवल्या, अख्खं बायबल मराठीत आणलं. पण तिघंही बामणाघरचे. नगर-जालन्याच्या चर्चांत बाकांवर बसलेला समाज मात्र महारामांगांचा. नारायण शेषाद्रीनं जालन्याजवळ बेथेल गाव वसवलं ते मुख्यतः कुणाच्या वस्तीवर? मांगामहारांच्या. पुस्तकात शेषाद्री येईल, बेथेलचा मांग येणार नाही. धर्म बदलला तरी पुस्तकातली उतरंड तशीच.

हे सगळं पोरांना का शिकवायचं, ते आता सांगतो. माझ्या आत्याच्या पोराची गोष्ट आहे. माझ्याच वयाचा. आमचा रंग एक, आडनाव एक, गावाबाहेरची जागा एक. मला अनुसूचित जातीचा दाखला आहे, त्याला नाही. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात लिहिलंय की हिंदू असेल तोच अनुसूचित. १९५६ साली शीख आत आले, १९९० साली आम्ही बौद्ध आलो. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच. गावात त्याला चहा वेगळ्या कपात मिळतो तो येशूला मानतो म्हणून नाही, महाराचा म्हणून. पण तहसीलमध्ये गेला की तो फक्त ख्रिश्चन. गावानं जात ठेवली, सरकारनं दाखला काढून घेतला.

१९८५ साली सुप्रीम कोर्टात सूसाईचा खटला चालला. मद्रासच्या रस्त्यावर बसून चपला शिवणारा माणूस. सरकार चांभारांना फुकट टपऱ्या वाटत होतं, याला ख्रिस्ती म्हणून दिली नाही. कोर्ट म्हणालं, जात उरते हे नुसतं सांगून भागत नाही. धर्मांतरानंतरही तेच हाल तेवढ्याच जोरानं भोगावे लागतात, याचा भक्कम पुरावा कुठंय? पुरावा कमी पडला, टपरी गेली.

दोस्ता, आता कळलं का? तो पुरावा म्हणजेच चर्चचा इतिहास. द नोबिलीचं जानवं हा पुरावा आहे. तिरुचिरापल्लीची भिंत पुरावा आहे. गोव्याचे कप्पे पुरावा आहेत. बिशप लोकांच्या परिषदेनं २०१६ साली दलितांविषयीचं धोरण काढून चर्चमध्ये अस्पृश्यता आहे हे स्वतः कबूल केलं, तो पुरावा आहे. पहिला दलित कार्डिनल व्हायला २०२२ साल उजाडलं, तोही. २०२२ साली केंद्र सरकारनं बालकृष्णन आयोग नेमून हाच प्रश्न त्याच्यापुढं टाकला. आणि पाद्री वर्गात उभा राहून सांगतो की ख्रिस्तात जात नाही. त्याच्या अब्रूपायी माझ्या भावाचा दाखला बुडतो.

मी गेलो होतो इथल्याच एका फादरकडं. माणूस सज्जन, चहा पाजला, कवितेची चौकशी केली. म्हटलं, फादर, आमच्या वर्गाला या, तुमच्या घरातली जात पोरांना सांगा. ते हळू आवाजात म्हणाले, "ख्रिस्तामध्ये जातपात नाही." मी म्हटलं, ख्रिस्तात नसेल, कब्रस्तानात आहे. ते गप्प बसले. मग म्हणाले, लहान मुलांसमोर हे विषय नकोत, मनं दुखावतात. कुणाची मनं, हे विचारायचं मी त्या दिवशी विसरलो. चहा चांगला होता, हा त्याचा तोटा.

बावीस प्रतिज्ञांचं म्हणणाऱ्याला एवढंच. १९३५ ला येवल्यात घोषणा झाली, १९५६ ला दीक्षा. मधली एकवीस वर्षं बाबासाहेब काय झोपले होते? धर्म तपासत होते. १ जानेवारी १९३८ ला सोलापुरात ते ख्रिस्ती लोकांच्या सभेत बोलले, ख्रिस्ताविषयी आदरानं बोलले आणि दक्षिणेतल्या चर्चमधल्या जातीवर बोट ठेवून बोलले. त्यांच्या लेखनाचा पाचवा खंड उघड, अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणावर, धर्मांतरिताच्या हालतीवर स्वतंत्र प्रकरणं आहेत. त्यांनी चर्च नाकारलं ते वाचून नाकारलं. आपण न वाचता नाकारतो आणि त्यालाच निष्ठा म्हणतो. पाचवा खंड विहाराच्या कपाटात आहे, मी परवाच बघितला. पानं एकमेकांना चिकटलीत. कुणी उघडलाच नाही.

वर्ग ठरलाय. बैठकीत पाच विरुद्ध चार असं झालं. माझा दोस्त विरोधात होता, तरी चाव्या त्याच्याचकडं असल्यानं कुलूप तोच उघडणार आहे. पहिला रविवार कान्हेरीला. डोंगर सरळ ओलांडता येत नाही, बिबट्या आहे आणि त्याहून वाईट फॉरेस्टवाले आहेत, म्हणून लिंक रोडनं गोरेगाव आणि तिथून बोरिवली. मोठ्या पोरांनी बसचे पैसे आणावेत, लहानांचे आम्ही बघू. दुसऱ्या रविवारी नगरची आत्या स्वतः येणार आहे. तिच्या सासऱ्यानं पाणी भरायची विहीर कशी बदलली ते सांगायला. तिसऱ्या रविवारी आत्याचा पोरगा त्याच्या अर्जांची फाइल घेऊन येतोय, सहा वर्षांचे अर्ज आहेत. चौथ्या रविवारी मुक्ताचा निबंध पोरं मोठ्यानं वाचणार, आळीपाळीनं, सगळा. फादरनाही निरोप धाडलाय. १८५५ च्या 'ज्ञानोदया'च्या त्या दोन अंकांची झेरॉक्स कुणाकडं असेल तर घेऊन या, आमच्याकडं आहे ती फार पुसट आहे.